सुवर्णबुद्धाची कथा आणि गिलाव्याचा इतिहास : एक समीक्षा

बँकॉक येथील सुवर्णबुद्धाची कथा आता महाराष्ट्रातील विहारांना अपरिचित राहिलेली नाही. पौर्णिमेची प्रवचने, श्रामणेर शिबिरे, विद्यार्थ्यांचे गुणगौरव समारंभ अशा सर्व ठिकाणी ती सांगितली जाते. काही काळापूर्वी घोटी परिसरातील एका विहारात प्रस्तुत लेखकाने ती पुन्हा ऐकली. वक्त्यांनी ती रंगवून सांगितली आणि शेवटी, "आपण सारे आतून सोन्याचे आहोत, वरचा चिखल तेवढा फोडा", असा उपदेश केला. सभा संपल्यावर विहाराची झाडलोट करणाऱ्या एका वयोवृद्ध उपासिकेने विचारले, "साहेब, आपल्या विहारातली मूर्ती प्लास्टरची. ती फोडली तर आत काय निघेल?" वक्ते हसले, श्रोतेही हसले. मात्र प्रश्न अनुत्तरित राहिला. ह्या प्रश्नाचा विचार करता करताच ही कथा मुळातून तपासावी असे वाटले.

मराठीत जी कथा रूढ झाली आहे तिचे मूळ थायलंडच्या कोणत्याही वंशग्रंथात नाही. 'चिकन सूप फॉर द सोल' ह्या १९९३ साली अमेरिकेत निघालेल्या लोकप्रिय संग्रहात जॅक कॅनफिल्ड ह्यांनी सांगितलेली ती कथा आहे. तिचा सारांश असा : १९५७ साली बँकॉकमध्ये महामार्गासाठी एक विहार हलवावा लागतो, मातीची प्रचंड मूर्ती यारीने उचलताना तिला तडा जातो, रात्री प्रमुख भिक्खूला तड्यातून चकाकी दिसते, तो छिन्नी-हातोडा घेऊन माती काढतो आणि आत सोन्याची मूर्ती सापडते. ब्रह्मी सैन्याच्या भीतीने पूर्वीच्या भिक्खूंनी ती मातीने मढविली होती, ते सर्व मारले गेले आणि गुपित त्यांच्याबरोबर लुप्त झाले, असे स्पष्टीकरणही तेथे दिले आहे. आपणही भीतीपोटी स्वतःवर असेच कवच चढवितो, हे त्याचे तात्पर्य. कथनाची पकड आणि हेतूचा प्रामाणिकपणा नाकारण्याचे कारण नाही. खचलेल्या माणसाला धीर देणारे सांगणे तुच्छ मानू नये. परंतु धम्माच्या व्यासपीठावरून एखादी गोष्ट इतिहास म्हणून सांगितली जाते, तेव्हा ती इतिहासाच्या आणि धम्माच्या अशा दोन्ही कसोट्यांना उतरली पाहिजे.

प्रथम इतिहास पाहू. थाई भाषेत 'वाट' म्हणजे विहार. ज्या वाट त्राइमितमध्ये ही मूर्ती आहे त्याचे पूर्वीचे नाव वाट साम चीन, म्हणजे तीन चिन्यांचा विहार. बँकॉकच्या चिनी व्यापारपेठेलगतच्या ह्या विहाराला १९३९ साली त्राइमित हे नाव मिळाले. आपल्या कानांना ते सहज कळते : त्रि-मित्र, तीन मित्र. आज ह्या विहाराची गणना दुसऱ्या श्रेणीच्या राजविहारांत होते. मूर्ती भूमिस्पर्श मुद्रेतील आहे आणि तिची शैली सुखोथाई राज्याची, म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या-चौदाव्या शतकांतील मानली जाते. वजन सुमारे साडेपाच टन. सुखोथाईच्या राजा रामखाम्हेंगच्या १२९२ सालच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिलालेखात त्या नगरीतील सोन्याच्या बुद्धमूर्तींचा उल्लेख आहे. पण त्यांतील एक हीच, असे म्हणणे हा तर्क आहे. मूर्ती पुढे अयुथ्थयेला नेली गेली असावी, हाही तर्कच. १७६७ साली ब्रह्मी सैन्याने अयुथ्थया उद्ध्वस्त केली. गिलावा त्याआधी सोने लपविण्यासाठी चढविला असावा, हे अनुमान सयुक्तिक वाटते. तरीही ते अनुमानच आहे. 'सर्व भिक्खू मारले गेले' हे वाक्य तर केवळ कथेची गरज भागविण्यासाठी आलेले दिसते.

नोंदींच्या भक्कम जमिनीवर आपण येतो ते चक्री राजवंशाच्या काळात. पहिल्या रामाने १७८२ मध्ये बँकॉक ही राजधानी केली आणि उत्तरेकडील ओसाड विहारांतून बाराशेहून अधिक मूर्ती राजधानीत आणविल्या. तिसऱ्या रामाच्या कारकिर्दीत (१८२४-१८५१) गिलाव्याने मढविलेली ही मूर्ती वाट चोतनाराम ह्या विहाराची प्रमुख मूर्ती झाली. पुढे तो विहार मोडकळीस येऊन बंद पडला. जागा एका व्यापारी कंपनीच्या ताब्यात गेली आणि १९३५ मध्ये मूर्ती वाट त्राइमितच्या आवारात आली. एवढ्या मोठ्या मूर्तीला पुरेल अशी इमारत तेथे नव्हती. म्हणून तिच्यावर पत्र्याचे साधे छप्पर घालण्यात आले, आणि त्या छपराखाली ती वीस वर्षे राहिली. नवी वास्तू सिद्ध झाल्यावर २५ मे १९५५ रोजी मूर्ती उचलताना दोर तुटला, मूर्ती खाली आपटली आणि गिलाव्याचा कपचा उडाला. साल १९५७ नव्हे, १९५५. आणि कारण महामार्ग नव्हे, तर पत्र्याखालच्या बुद्धाला चांगले घर द्यावे ही विहाराची इच्छा. गिलावा काढल्यावर असेही आढळले की मूर्ती नऊ भागांत सुटी करता येते आणि ते भाग सोडविण्याची किल्ली बैठकीपाशी गिलाव्यातच जपून ठेवलेली होती. म्हणजे मूर्ती घडविणाऱ्यांनीच ती हलविण्याचा विचार करून ठेवला होता. २०१० पासून ती संगमरवरी भव्य मंडपात आहे.

हा तपशील केवळ हौसेखातर दिलेला नाही. रूढ कथेने काय गाळले आहे, ते त्यातून कळते. पहिली गोष्ट गिलाव्याची. कथेत तो 'माती' आहे, आणि मराठीत येता येता त्याचा 'चिखल' झाला आहे. प्रत्यक्षात तो रंगविलेला आणि रंगीत काचांच्या तुकड्यांनी सजविलेला गिलावा होता. कोणा कारागिराने श्रद्धेने केलेले ते काम होते. दुसरी गोष्ट काळाची. तिसऱ्या रामाच्या काळापासून १९५५ पर्यंत, म्हणजे निदान शंभर वर्षे, उपासकांनी ह्या मूर्तीला वंदन केले ते गिलाव्याची मूर्ती म्हणूनच. तिच्यापुढे त्रिशरण म्हणणाऱ्या कोणालाही आत सोने आहे हे ठाऊक नव्हते. त्यांचे वंदन खोटे होते काय? अपुरे होते काय? कथा ह्या प्रश्नाकडे फिरकतही नाही. तिच्या दृष्टीने खरी मूर्ती १९५५ मध्ये सापडली. त्यापूर्वी होता तो केवळ गैरसमज. आमच्या मते नेमका येथेच ह्या कथेचा मूळ दोष आहे. २५ मे १९५५ रोजी बुद्ध सापडला नाही, सापडला तो धातू. बुद्ध त्याआधीही तेथे होता, पत्र्याखाली होता, आणि साध्या माणसांनी त्याला फुले वाहिली होती.

तिसरी गोष्ट राजसत्तेची. सोन्याची मूर्ती आणि राजविहार हे समीकरण ब्रह्मदेश, सयाम, लाओस ह्या देशांच्या इतिहासात पक्के आहे. मूर्ती ज्याच्या राजधानीत, त्याचे राज्य धर्म्य, अशी समजूत होती. म्हणून राजे मूर्ती नेत असत. ज्या पिढीत पहिला राम बँकॉकला मूर्ती गोळा करीत होता, त्याच पिढीत, १७८४ मध्ये, ब्रह्मदेशाच्या बोदवपया राजाने आराकान जिंकून तेथील महामुनी मूर्ती आपल्या राजधानीत आणली. आज ती मंडाले येथे आहे. उपासकांनी पिढ्यान्‌पिढ्या चढविलेल्या सुवर्णपत्रांनी तिचे अंग जाड झाले आहे. तेथील सोने आतून प्रकट झालेले नसून बाहेरून, हातांनी, थोडे थोडे आलेले आहे. त्यामुळे ब्रह्मी ते लुटारू आणि सयामी ते रक्षक, अशी सरळ वाटणी धम्माच्या व्यासपीठावरून करणे योग्य नव्हे. दोन्ही देश बुद्धाचेच उपासक होते, आणि मूर्तीसाठी दोन्हीकडच्या राजांचे हात लांब होते.

आता धम्माची कसोटी. ह्या उपमेला बौद्ध परंपरेत आधार नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. महायानातील तथागतगर्भ सूत्रात नऊ उपमा आहेत. त्यांत घाणीत पडलेले सोने आहे आणि मातीच्या साच्यात झाकलेली सुवर्णप्रतिमाही आहे. आधुनिक कथेचे हे प्राचीन भावंडच म्हणावे लागेल. तथापि भेद पाहण्यासारखा आहे. सूत्रातील साचा ओतकामाचा आहे. त्याच्यावाचून प्रतिमा घडतच नाही. माती तेथे शत्रू नव्हे, घडणीचा टप्पा आहे. पाली निकायांत तर सोन्याची उपमा ह्याहून कष्टाची आहे. अंगुत्तर निकायात सोनार माती मिसळलेले सोने घेऊन बसतो. आधी खडे, मग वाळू, मग बारीक धूळ, अशा क्रमाने धुतो. मग मुशीत तापवितो. तेव्हा कोठे ते मऊ आणि दागिना घडविण्याजोगे होते. चित्ताचे मळही असेच स्थूलापासून सूक्ष्मापर्यंत टप्प्याटप्प्याने काढावयाचे असतात. एका आघाताने कवच फुटते आणि आतून तयार, परिपूर्ण 'मी' बाहेर पडतो, हे चित्र अनात्मवादाशी जुळत नाही. प्रत्यक्ष मूर्तीसुद्धा त्याला साक्ष देत नाही. त्राइमितच्या मूर्तीच्या सर्व भागांतील सोन्याचा कस सारखा नाही : धडाचा कमी, चेहऱ्याचा अधिक आणि केशभागाचा सर्वांत अधिक, असे सांगितले जाते. सोन्याचा बुद्धही मिश्रधातूचाच आहे.

दीघ निकायातील लक्खण सुत्तात सुवर्णवर्णाचे कारण सांगितले आहे. महापुरुषाच्या बत्तीस लक्षणांपैकी सोनेरी कांती हे एक लक्षण. ते कशाचे फळ? पूर्वजन्मी क्रोध न करण्याचे आणि मऊ वस्त्रे व पांघरुणे दान करण्याचे. बुद्धमूर्तीला सोनेरी रंग का देतात ह्याचे परंपरेतील एक उत्तर येथे आहे. ते खाणीतील धातूकडे नव्हे, तर मनुष्याच्या वर्तनाकडे बोट दाखविते.

हे उत्तर वाचताना घोटीच्या वाचकाला त्रिरश्मी पर्वत आठवावा. कोकणातून थळघाट चढून घोटीवरून गोवर्धन-नाशिककडे जाणाऱ्या वाटेवर, नाशिकच्या अलीकडे, ती लेणी आहेत. 'पांडवलेणी' ह्या चुकीच्या नावाने ती अनेकांना ठाऊक आहेत. आपल्या परिसरातील राजविहार शोधावयाचा तर तो येथेच. लेणे क्रमांक ३ हे गौतमीपुत्र सातकर्णीची माता गौतमी बलश्री हिचे दान आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी ते भद्रयानीय भिक्खूंना देण्यात आले, आणि लेण्याच्या निगेसाठी गावाचे उत्पन्न लावून देण्यात आले. त्या राजलेण्याच्या मागील भिंतीवर सोन्याची मूर्ती नाही. कोरीव स्तूप आहे. लेणे क्रमांक १० क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याचे. त्याने तेथे ३००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. ती त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे गुंतविली : २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत करावयाची नाही, व्याज तेवढे भोगावयाचे. दोन हजारांवर वर्षाचे व्याज २४० होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत असे लेखात आहे. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशेब पैशापर्यंत जुळतो.

ह्या लेखांत सोने नाही असे नव्हे. उषवदाताच्या दानांचा हिशेब देताना ७०,००० कार्षापण म्हणजे २००० सुवर्ण, असे परिमाण दिलेले आहे. सोने होते, परंतु राजकुळाने ह्या डोंगरावर आपली श्रद्धा नोंदविली ती चीवर, निवारा आणि निगा ह्यांच्या रूपाने. लक्खण सुत्तातील वस्त्रदान येथे दगडावर कोरलेले दिसते. आणि त्याच डोंगरावर राजकुळाच्या शेजारी लेणे क्रमांक ८ मध्ये मुगुदास नावाच्या कोळ्याचे दान आहे, तर लेणे क्रमांक १८ ह्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धंभिक गावाने दान दिल्याची नोंद आहे. राणी, क्षत्रपाचा जावई, कोळी आणि गाव ह्यांची नावे एकाच कातळावर आहेत. सुवर्णबुद्धाच्या कथेत मात्र राजे, सैन्य आणि चतुर भिक्खू तेवढे उरतात. छप्पर घालणारे, दोर ओढणारे आणि फुले वाहणारे तेथे दिसत नाहीत.

आता पश्चिमेला, थळघाटाच्या खाली उतरू. उषवदाताच्या त्याच लेण्यातील लेखात शोर्पारगाचा उल्लेख आहे. तेच आजचे पालघर जिल्ह्यातील नालासोपारा. तेथील एका टेकाडाला लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत असत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी ते खणले, तेव्हा तो कोट नसून विटांचा स्तूप असल्याचे सिद्ध झाले. मध्यभागी दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती आठ कांस्यमूर्ती होत्या : सात मानुषी बुद्ध आणि आठवा मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या आत पाषाणाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या त्या करंडकात काय होते? सोन्याची फुले आणि मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे मानले जातात. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात गेले.

वाचकांनी हे दोन शोध शेजारी ठेवून पाहावेत. बँकॉकमध्ये बाहेर गिलावा आणि आत सोने. सोपाऱ्यात बाहेर दगड, तांबे, चांदी आणि सोने. आणि गाभ्यात खापर. ज्यांनी सोपाऱ्याचा स्तूप रचला त्यांना सोन्याची किंमत कळत नव्हती असे कोण म्हणेल? किंमत कळत होती, म्हणूनच त्यांनी खापर ठेवण्यासाठी सोने वापरले. सोन्याची योग्यता खापर राखण्यात होती आणि खापराची योग्यता ते ज्या हातांत होते त्या हातांत. तो हात दारोदार भिक्षा मागणाऱ्या शास्त्याचा होता. बँकॉकचा गिलावाही, तो जर संकटकाळी चढविला गेला असेल तर, ह्याच रक्षणाच्या कामाचा आहे. फरक इतकाच की तेथे सोन्याने मातीला नव्हे, तर मातीने सोन्याला राखले. दोन्ही ठिकाणी राखणाऱ्याचा मान राखलेल्या वस्तूहून कमी नाही. अशा गिलाव्याला 'चिखल' म्हणणे ही कृतघ्नता आहे.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. आपल्या विहारांत ही कथा ऐकणारा समाज कोणता आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याच्यावर जे काही थापले गेले ते त्याने स्वतःच्या भीतीने चढविलेले कवच नव्हते. ते दुसऱ्यांनी, शतकानुशतके, व्यवस्थेच्या बळावर थापलेले होते. 'तू स्वतःला झाकून घेतलेस' असे त्या समाजाला सांगणे इतिहासाला धरून नाही. आणि 'आत सोने आहे म्हणून तू मोलाचा' असे सांगणेही पुरेसे नाही, कारण त्यात एक छुपी अट आहे : सोने निघाले नाही तर? माणुसकीचा हक्क धातूच्या कसावर अवलंबून नसतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथील विहारात रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. बँकॉकचा गिलावा फुटण्यास तेव्हा बरोबर पाच महिने अवकाश होता. देहूरोडच्या त्या मूर्तीत काय दडले आहे असे कोणी विचारले नाही. तिच्यासमोर उभे राहण्याचा अधिकार मिळाला, हेच मोठे होते.

जिल्ह्यातील कित्येक विहारांत आज थाई घडणीच्या सोनेरी मूर्ती आहेत. त्या सुंदर आहेत आणि त्या देणाऱ्यांची मैत्रीभावना आदरास पात्र आहे. प्रश्न मूर्तीचा नसून क्रमाचा आहे. सोनेरी मुलाम्यासाठी वर्गणी गोळा होते आणि शेजारची अभ्यासिका दिव्यावाचून राहते, तेव्हा आपण त्रिरश्मीचा हिशेब विसरलेलो असतो. उषवदाताच्या धर्तीवर मुद्दल न मोडता व्याजातून विद्यार्थ्यांच्या पुस्तकांची सोय करणारी लहानशी ठेव प्रत्येक विहाराने का ठेवू नये? घोटीसारख्या बाजारपेठेच्या गावाला व्याजाचे गणित शिकवावे लागत नाही.

कथा सांगणे थांबवावे असा ह्या लेखाचा आग्रह नाही. ती पूर्ण सांगावी, एवढाच आग्रह आहे. सुखोथाई सांगावे, बँकॉकचे राजे सांगावेत; पण पत्र्याचे छप्पर आणि त्याखालची वीस वर्षेही सांगावीत. साल बरोबर सांगावे. तर्काला तर्क म्हणावे.

आणि त्या उपासिकेच्या प्रश्नाचे उत्तर हसण्यावारी नेऊ नये. आजी, आपल्या विहारातली मूर्ती फोडली तर आत प्लास्टरच निघेल. बँकॉकच्या लोकांनीही त्यांची मूर्ती गिलाव्याचीच समजून शंभर वर्षे वंदिली, आणि त्यांचे वंदन कोठे कमी पडले नाही. तुमचेही कमी पडलेले नाही.